छातीत गोटी झालीय, स्टेरॉइडची सायकल (कोर्स) चालू ठेवू का?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय २६, कोल्हापूरला असतो. ट्रेनरच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं आणि डायनाबोल या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. बॉडी झाली, पण दोनेक महिन्यांपासून डाव्या निपलच्या मागे गोटी लागतेय, शर्ट घासला तरी दुखतं. ट्रेनर म्हणतो लेट्रोझोल (इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी) घे नि कोर्स पूर्ण कर, सगळ्यांना होतं. घरी लग्नाचं बघतायत, कोणाला सांगायची सोय नाही.

उत्तर : कोर्स पूर्ण वगैरे काही करायचा नाही, थांबव. बाहेरून ढीगभर टेस्टोस्टेरॉन गेलं की शरीरातलं अरोमाटेज नावाचं एन्झाइम त्यातलं काही इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमध्ये बदलतं, डायनाबोलचंही तसंच होतं, आणि पुरुषाच्या छातीतही थोडी ग्रंथी असतेच, ती या इस्ट्रोजेनने वाढते. जिममध्ये याला गायनो म्हणतात. ती चरबी नाही, त्यामुळे बेंच प्रेस वाढवून किंवा जेवण तोडून जाणार नाही, उलट चरबी उतरली की गोटी जास्तच दिसते.

दुखतंय याचा अर्थ ती अजून ताजी आहे, आणि औषधाचा उपयोग झाला तर याच काळात होतो. वर्षभर तशीच राहिली की आत तंतुमय टिश्यू तयार होतो, मग गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही, सर्जरीच उरते. निपलच्या काळ्या भागाच्या कडेने छेद घेऊन ग्रंथी काढतात, सोबत गरज वाटली तर लायपोसक्शन, म्हणजे चरबी ओढून काढणं. पण पुन्हा सायकल सुरू केली तर ती परत येऊ शकते, म्हणजे खर्च पाण्यात.

लेट्रोझोल स्वतःच्या मनाने नको. ते इस्ट्रोजेन फार खाली पाडू शकतं, मग सांधे दुखतात, लैंगिक इच्छा कमी होते, आणि झालेली गोटी विरघळेलच असं नाही. डॉक्टर साधारण टॅमॉक्सिफेनचा विचार करतात, ते ग्रंथीवर इस्ट्रोजेनचा परिणाम होऊ देत नाही. पण त्याने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो आणि स्टेरॉइड्सनी रक्त आधीच घट्ट झालेलं असू शकतं, त्यामुळे डोस जिममधल्या कोणी ठरवायचा नाही. पीसीटी (सायकलनंतरचा उपचार) म्हणून एचसीजी या हार्मोनचं इंजेक्शन कोणी पुढे केलं तर तेही नको, त्याने अंडकोषातूनच इस्ट्रोजेन वाढतं, नि गायनो आणखी भडकतो.

एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरकडे) जा आणि काय काय घेतलंस ते खरं सांग, बाटल्यांचे फोटो घेऊन जा (लेबलवर लिहिलंय तेच आत असेल याची खात्री नाही म्हणा). ते तुला तपासतील, अंडकोषही तपासतील, कारण तिथल्या गाठीनेही छाती वाढते, आणि एलएच, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायॉल, प्रोलॅक्टिन, बीटा एचसीजी, लिव्हर वगैरे रक्त तपासायला सांगतील. गोटी दगडासारखी कडक असेल, निपलच्या बरोबर मागे नसून बाजूला असेल, निपलमधून रक्त येत असेल, कातडी आत ओढली जात असेल किंवा काखेत गाठ लागत असेल तर मात्र वाट न बघता सर्जनला दाखव. पुरुषांमध्ये स्तनाचा कॅन्सर क्वचित होतो, पण होतो. आणि दिवसातून दहा वेळा दाबून बघणं बंद कर, त्यानेच दुखणं वाढतं.

बंद केल्यावर काही आठवडे-महिने मरगळ येईल, मूड जाईल, वजन थोडं उतरेल, कारण तुझं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन दबलेलं आहे. मन फारच खचलं तर तेही डॉक्टरांना सांग. लग्नाचं बघतायत म्हणालास म्हणून सांगतो, स्टेरॉइड्सनी शुक्राणूही घटतात, कधी शून्यावर जातात, बहुतेकांचे परत येतात पण कित्येक महिने, कधी वर्षाच्या वर लागतं, म्हणून त्याच भेटीत सीमेन अ‍ॅनालिसिसचंही विचारून घे.