आमराईतला डबा आणि मे महिन्याचे ऊन

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत नणंदेची मुले आमच्याकडे येणार आहेत आणि सर्वांनी मिळून आमराईत डबा घेऊन जावे, असा बेत आहे. गेल्या वर्षी आम्ही अकराला निघालो. दोन वाजता डबे उघडले, तर मसालेभाताला वास येत होता, आणि ७२ वर्षांच्या सासूबाईंना चक्कर आली. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. यंदा त्या यायलाच नको म्हणतात, पण त्यांना घरी ठेवून जाणे आम्हाला पटत नाही. काय करावे?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सासूबाईंना अवश्य न्यावे, बदलायची आहे ती वेळ. मे महिन्यात आपल्याकडे सहाच्या सुमारास उजाडते. साडेसहाला आमराईत पोहोचून आठला खावे आणि दहाच्या आत घरी परतावे. बारा ते तीन ही वेळ वयस्कर माणसाने दाट सावलीतही काढू नये, कारण हवाच तापलेली असते. संध्याकाळ गार वाटते खरी, परंतु वळीव बहुधा दुपारनंतरच गाठतो आणि विजा कडकडत असताना झाडाखाली थांबणे धोक्याचे असते.

आपला मसालेभात बहुधा गरम असतानाच डब्यात भरून झाकण लावल्यामुळे खराब झाला असावा. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहतात आणि बंद डब्यातल्या कोमट, दमट भातात ते झपाट्याने वाढतात. असा भात वास न येताही बाधू शकतो. म्हणून शिजवलेले ओले अन्न साधारण २ तासांत आणि हवा ३२ अंशांच्या वर गेली असेल तर १ तासातच संपवावे. भात हवाच असेल तर दहीभात न्यावा. पहाटे केलेला मऊ भात परातीत पसरून पूर्ण गार करावा, त्यात फ्रिजमधले गार दूध सढळ हाताने घालावे, विरजणापुरते चमचाभर दही कालवावे आणि जिरे-मिरचीची गार झालेली फोडणी वर द्यावी. खाईपर्यंत भात दूध पिऊन घट्टसर होतो आणि मुलेही तो आवडीने खातात.

बाकी डबा कोरडा असावा. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरेशी आहे. ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र टाळावी, ती फार लवकर आंबते. सांगलीत राहून भडंग न नेणे तर बरे दिसणार नाही. त्यात घालायचा कांदा घरून चिरून न नेता सुरी सोबत घ्यावी आणि वाढायच्या वेळी चिरून कालवावा, म्हणजे चुरमुरे मऊ पडत नाहीत.

वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे सासूबाईंना ‘पाणी हवे का?’ असे न विचारता दर अर्ध्या तासाने अर्धे फुलपात्र पाणी हातात द्यावे. पन्ह्यात मीठ किती चालेल आणि गोळीची वेळ काय असावी, हे त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारावे. सतरंजीवरून एकदम उठतानाही रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. त्यांच्यासाठी घडीची खुर्ची न्यावी. उन्हात अंग तापून बोलणे असंबद्ध होऊ लागले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत ओल्या कापडाने अंग पुसत वारा घालावा.

सतरंजी अंथरण्यापूर्वी एकदा वर पाहावे. उंच फांदीला आग्या मोहोळ लटकलेले दिसले, तर आवाज न करता लांबचे झाड गाठावे. तिथे धूर होऊ देऊ नये आणि मुलांच्या हातात खडे राहू देऊ नयेत.