गाडी कोणत्या दिवसाची जपायची?

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. लॉस एंजेलिसजवळच्या एका कुटुंबाच्या गॅरेजात पन्नाशीच्या दशकात छप्पर कापून खाली आणून नव्याने घडवलेली एक फोर्ड गेली कित्येक वर्षे ताडपत्रीखाली उभी आहे, मालकाच्या पश्चात मुलांना ती लिलावात द्यायची आहे, आणि त्याआधी तिला नवा रंग द्यावा का, असे त्यांनी तुला विचारले आहे. उत्तर एका शब्दात द्यायचे तर ‘नको’ असे आहे. परंतु तो एक शब्द तू त्यांना सांगितलास तर ते रंगाऱ्याकडे जातील आणि तो ‘हो’ म्हणेल. त्यांना पटतील अशी कारणे तुझ्या हाती असावीत, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

बुगाटी किंवा रोल्स-रॉइस यांसारख्या गाडीच्या बाबतीत ‘मूळ’ म्हणजे काय, हे ठरवणे तुलनेने सोपे असते. कारखान्यातून ती ज्या रूपात बाहेर पडली, ते मूळ. प्रदर्शनासाठी घडवलेल्या कस्टम, म्हणजे मालकाच्या हौशीप्रमाणे बदलून घेतलेल्या, गाडीला हे माप लावताच येत नाही, कारण कारखान्याने केलेले काम कापून, वितळवून आणि झाकूनच ती जन्माला आलेली असते. आपल्याकडे २०२१ साली व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे जे केंद्रीय नियम आले, त्यांत ५० वर्षांहून जुने वाहन मूळ रूपात असावे आणि त्याच्या सांगाड्यात, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. त्या नियमापुढे जगातील सर्वांत मोलाची कस्टम गाडी उभी केली, तर ती पहिल्याच वाक्यात बाद होईल. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही; तो वेगळ्या प्रकारच्या गाडीसाठी लिहिलेला आहे. तू ज्या गाडीसमोर उभी आहेस, तिच्याबाबत विचारायचा प्रश्न निराळा आहे. या गाडीच्या आयुष्यातील कोणता दिवस जपण्याजोगा आहे, आणि त्या दिवसाचा किती भाग अजून तिच्या अंगावर शिल्लक आहे?

हा प्रश्न मला ‘हिरोहाता मर्क्युरी’ या कस्टम गाडीने शिकवला. बॉब हिरोहाता या जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणाने १९५१ ची मर्क्युरी सॅम आणि जॉर्ज बॅरिस या भावांच्या लिनवुडमधील दुकानात दिली, आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅन-पॅसिफिक सभागृहातील मोटोरामा प्रदर्शनात ती लोकांनी प्रथम पाहिली. छप्पर पुढून सुमारे ४ इंच आणि मागून सुमारे ७ इंच खाली आणलेले होते, दारामागचा खांब काढून खिडकीची चौकट एका वळणदार रेषेत मागे नेलेली होती, बाजूला १९५२ च्या ब्यूकची क्रोमपट्टी होती, आणि त्या पट्टीच्या वर फिकट तर खाली गडद हिरवा रंग होता. पुढच्या वर्षी कॅडिलॅकचे इंजिन बसवून हिरोहाता ती इंडियानापोलिसपर्यंत स्वतः चालवत घेऊन गेला आणि त्या प्रवासाचा वृत्तांत त्याने ‘रॉड अँड कस्टम’ मासिकात लिहिला. म्हणजे ही गाडी चौथऱ्यावर बसवलेली मूर्ती नव्हती. तिने रस्ता पाहिला होता. पुढे तिचे मालक बदलले, एका चित्रपटासाठी तिला पोपटी रंग फासला गेला, आणि १९५९ साली ती जुन्या गाड्यांच्या विक्रीच्या आवारात येऊन पडली. तेथून जिम मॅकनील नावाच्या शाळकरी मुलाने ती ५०० डॉलरना घेतली.

त्या मुलाने ती शाळेत नेली, काही वर्षे वापरली, मग गॅरेजात ठेवली आणि विकली नाही. मागण्या येत राहिल्या, तरी विकली नाही. १९८९ च्या सुमारास त्याने तिचे पुनर्स्थापन हाती घेतले आणि ते अनेक वर्षे, सवडीने, पूर्वी बॅरिस यांच्याकडे काम केलेल्या कारागिरांची मदत घेत पूर्ण केले. २०१५ साली कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या हिरवळीवर, जुन्या गाड्यांच्या नामवंत स्पर्धेत, मर्क्युरी कस्टमच्या वर्गात तिने पहिला क्रमांक मिळवला; २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत तिची नोंद झाली. मॅकनील २०१८ साली वारले, आणि जानेवारी २०२२ मध्ये फ्लोरिडातील किसिमी येथे मेकमच्या लिलावात ती २१,४५,००० डॉलरना गेली. माझ्यातला हिशेबनीस येथे गप्प बसत नाही. ५०० डॉलरचे ६३ वर्षांत एवढे होणे म्हणजे चक्रवाढीने दरसाल सुमारे १४ टक्के होतात; अर्थात त्यातून पुनर्स्थापनाचा खर्च आणि छपराखालची जागा वजा केलेली नाही, आणि ५०० डॉलरना घेतलेल्या बाकीच्या हजारो जुन्या गाड्या भंगारात गेल्या, तेही त्यात धरलेले नाही.

आता हे पाहा की मॅकनीलने चित्रपटातला पोपटी रंग ठेवला नाही, कारखान्यातून निघालेल्या मर्क्युरीकडेही तो गेला नाही. त्याने बॅरिस बंधूंची, लोकांनी मासिकांत पाहिलेली गाडी निवडली. ही निवड त्याला करता आली, कारण छायाचित्रे भरपूर होती आणि गाडीची मालकी तोवर तीस वर्षे एका हातात असल्यामुळे मधल्या काळात कोणी ‘सुधारणा’ केलेल्या नव्हत्या. तुझ्या फोर्डच्या मालकाच्या मुलांना मी हीच गोष्ट सांगितली असती. त्यांच्या वडिलांनी चाळीस वर्षे काहीच केले नाही, ही त्यांना हयगय वाटते. लिलावाच्या बाजारात मात्र तीच त्यांची मिळकत आहे.

दिवसाच्या निवडीचे याहून ठळक उदाहरण म्हणजे बॅटमोबील. ती मुळात १९५५ ची लिंकन फ्युचुरा, फोर्डसाठी इटलीत तुरीनच्या गिया कारखान्यात हाताने बनवलेली. दहा वर्षांनंतर जॉर्ज बॅरिसने ती नाममात्र १ डॉलरला घेऊन सुमारे तीन आठवड्यांत ‘बॅटमॅन’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी बदलली. इटालियन कारागिरीचा तो एकमेव नमुना नष्ट झाला, असे कोणी म्हणेल तर ते खोटे नाही. तरीही जानेवारी २०१३ मध्ये बॅरेट-जॅक्सनच्या स्कॉट्सडेल लिलावात तिला ४६,२०,००० डॉलर मिळाले, ते काळ्या रंगाला आणि तांबड्या रेघांना मिळाले. आज कोणी तिची पुन्हा फ्युचुरा केली, तर तो एका ऐतिहासिक वस्तूवर दुसरा घाव ठरेल.

एका प्रकरणात मात्र माझे मत अजून दोलायमान आहे. गोल्डन सहारा ही १९५३ च्या लिंकन कॅप्रीवरून बॅरिसनेच घडवलेली सोनेरी गाडी, जिच्या नंतरच्या रूपाला गुडइयरने आतून दिवे लागणारे पारभासी टायर दिले होते, ओहायोतील एका गॅरेजात सुमारे पन्नास वर्षे बंद होती. मे २०१८ मध्ये इंडियानापोलिसला ती जशीच्या तशी, धुरकट आणि भेगाळलेली, ३,८५,००० डॉलरना विकली गेली. नव्या मालकांनी गुडइयरच्या साहाय्याने ती पूर्ण उजळली आणि २०१९ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात तिचे टायर पुन्हा प्रकाशले. काम देखणे झाले, यात वाद नाही. परंतु जुन्या रंगातली ती बारीक भेगांची जाळी, काळाने कडक झालेले ते टायर, हे सर्व पुराव्याच्या दृष्टीने आता गेले. टायर प्रकाशणे हाच त्या गाडीचा प्राण होता, असे पुनर्स्थापन करणारे म्हणतील, आणि मला त्यांना उत्तर देता येत नाही. एड रॉथ या दुसऱ्या कस्टम कारागिराच्या १९६४ च्या ऑर्बिट्रॉन या गाडीबाबत हा पेच नव्हता. ती २००७ साली मेक्सिकोतील सिउदाद हुआरेझमध्ये सापडली तेव्हा तिचे तीन रंगी दिव्यांचे नाक कापलेले होते आणि तिचा कचरापेटीसारखा वापर चालू होता. तेथे पुन्हा घडवण्यावाचून मार्ग नव्हता.

आता तुझ्या हातच्या कामाकडे येतो. तू वडिलांच्या कोल्हापूरच्या गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग पाहत वाढलीस, हे तुझे खरे शिक्षण आहे. ते मुलाखतीत लपवलेस, तो संकोच आता सोड. पत्र्यावर बोटे फिरवून खालचा जोड ओळखणारे लोक लिलावगृहांत फार थोडे असतात. पन्नाशीच्या आरंभी हे कारागीर जोड भरायला शिसे वितळवून लावत. पॉलिएस्टरची पुट्टी त्या दशकाच्या मध्यानंतर पसरली. गाडी १९५२ साली घडवली असे कुटुंब सांगत असेल आणि छपराच्या खांबांत पुट्टी निघाली, तर निदान तेवढा भाग नंतरचा आहे. लोहचुंबक शिशालाही चिकटत नाही आणि पुट्टीलाही नाही, म्हणून केवळ त्यावर विसंबू नकोस. हातात धरायचे एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्र शिसे दाखवते, परंतु त्या काळच्या काही रंगांतही शिसे असे, म्हणून जेथे जोड असण्याचा संभव नाही अशा ठिकाणचे, उदाहरणार्थ दाराच्या मधल्या भागाचे, वाचन आधी घे आणि मग तुलना कर. शिशाखाली अडकलेल्या आम्लामुळे वर्षानुवर्षांनी रंगावर फोड येतात. ते दिसले तर त्यांचे छायाचित्र घे, ते फोडायचे नाहीत.

रंगाचे थर पाहायचे असतील तर डॅशबोर्डच्या खाली किंवा डिकीच्या काठाच्या आत, नखाएवढ्या जागेत, अगदी बारीक कागदाने एकेक थर उघडा कर, आणि हे मालकांच्या लेखी संमतीशिवाय करू नकोस. अतिनील दिव्याखाली नंतरचे टच-अप बहुधा वेगळे उठून दिसतात, तो उपाय आधी करावा. पॉलिशला तर हात लावूच नकोस. उमेदवारीच्या काळात मी एका गाडीचा मळकट डॅशबोर्ड मोठ्या उत्साहाने घासला आणि दुपारी माझ्या लक्षात आले की त्या मळाखाली रेघा काढणाऱ्या कारागिराची छोटीशी सही होती. होती, म्हणजे सकाळपर्यंत होती. माझ्या वरिष्ठांनी मला रागावले नाही. त्यांनी अहवालात ‘सही आढळली नाही’ असे लिहिण्यास नकार दिला आणि जे झाले ते माझ्याच अक्षरात लिहायला लावले.

मासिकांतील छायाचित्रांबाबत एक सावधगिरी बाळग. त्या काळी निगेटिव्ह उलटी छापली जाण्याचे प्रकार होत असत. डावीकडचा झरोका उजवीकडे दिसला, तर गाडी बनावट ठरवण्यापूर्वी नंबरपट्टी आणि सुकाणूचे चाक पाहून घे. कृष्णधवल चित्रावरून रंग सांगण्याचे धाडस तर कोणीच करू नये.

किमतीविषयी तू विचारलेस, त्यावर थोडेच लिहितो. वर दिलेले तिन्ही आकडे हातोडा पडला तेव्हाचे नाहीत. मर्क्युरीवर शेवटची बोली १९,५०,००० डॉलरची होती, बॅटमोबीलवर ४२,००,००० ची आणि गोल्डन सहारावर ३,५०,००० ची. वरचे १० टक्के लिलावगृहाने खरेदीदाराकडून घेतलेले अधिमूल्य होय. विक्रेत्याच्या हाती शेवटच्या बोलीतूनही स्वतःचे कमिशन वजा होऊनच रक्कम येते. कुटुंबाने वृत्तपत्रातला आकडा मनात धरला असेल तर हे आजच सांग, लिलावाच्या संध्याकाळी नव्हे. आणि त्यांच्या फोर्डची तुलना या तीन गाड्यांशी करू देऊ नकोस. नामवंत दुकानातून निघालेली, त्या काळी मासिकांत छापून आलेली गाडी आणि एका हौशी माणसाने स्वतःच्या अंगणात तितक्याच निगुतीने घडवलेली गाडी यांच्या किमतींत फार मोठी दरी असते, आणि ती दरी बहुतेक वेळा कारागिरीची नसून कागदाची असते. वडिलांनी नेमके कोणाकडून काम करून घेतले याची एखादी पावती, एखादे पत्र, प्रदर्शनाचा एखादा प्रवेश-बिल्ला निघाला, तर तो नव्या रंगापेक्षा मोलाचा ठरेल.

म्हणून पुढच्या भेटीत गाडीकडे न जाता आधी घरात जा. जुने अल्बम, करांचे कागद, गॅरेजातल्या खोक्यांतील उरलेल्या क्रोमपट्ट्या आणि रंगाचे वाळलेले डबे त्यांच्या जागीच असताना छायाचित्रे घे, कारण डबा कोणत्या फळीवर होता हेही कधी कधी उपयोगी पडते. रंगाऱ्याला दिलेली तारीख त्यांनी निदान दोन महिने पुढे ढकलावी, एवढेच सध्या मागून घे. आणि ती ताडपत्री प्लास्टिकची असेल तर आजच काढून सुती चादर घालायला सांग. तिच्याखाली रात्रीचा दमटपणा अडकतो, आणि तू लिहिलेले बॉनेटवरचे पांढरट डाग मला त्याचेच वाटतात.

तुझा हितचिंतक