लहान हायस्कूलचे आकडे कसे वाचावेत: ओहायोला निघालेल्या बडोद्याच्या ताईंना

ताई, तुम्ही लिहिलंय की यजमानांना अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका लहान गावात कारखान्यात नोकरी मिळाली आहे, ऑगस्टच्या आत निघायचं आहे, आणि कारेलीबागेतल्या शाळेतून नुकतीच नववी झालेल्या लेकीची काळजी वाटते. गावातलं सरकारी हायस्कूल जेमतेम 160 मुलांचं. घर शोधायच्या साइटवर त्याला 10 पैकी 5. मुलं जवळपास सगळी गोरी, एशियन 1 टक्का, निम्मी गरीब घरांतली. म्हणून कोलंबस या मोठ्या शहराजवळ घर घ्यावं आणि यजमानांनी रोज सव्वा तास गाडी चालवावी का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी मूळची बडोद्याच्या दांडिया बाजारची. अकरा वर्षं इथे आहे आणि माझा मुलगा अशाच एका हायस्कूलमधून बाहेर पडला. माझं मत आधीच सांगते: गावातच राहा. फक्त घराचा करार करण्याआधी शाळेकडून एक गोष्ट मागून घ्या. ती पुढे सांगते.

आधी ते 10 पैकी 5. हा आकडा बराचसा राज्याच्या परीक्षांच्या गुणांवरून निघतो, आणि ते गुण घरच्या मिळकतीच्या मागे मागे चालतात. त्यापेक्षा ओहायो सरकारचं शाळानिहाय रिपोर्ट कार्ड उघडा. 2022 पासून त्यात 1 ते 5 तारे देतात. ‘अचीव्हमेंट’चे तारे सांगतात मुलांना किती येतं. ‘प्रोग्रेस’चे तारे सांगतात की मुलं जिथे होती तिथून वर्षभरात किती पुढे सरकली. शिक्षकांची मेहनत कळते ती या दुसऱ्या रकान्यात. तिथे सलग दोन-तीन वर्षं बरे तारे असतील तर साइटवरचा आकडा मनातून काढून टाका. एकाच वर्षाचं बघू नका, कारण लहान शाळेत टक्के फार उड्या मारतात. माझ्या मुलाच्या वर्गात 41 मुलं होती. एक मूल मध्येच शिक्षण सोडून गेलं की शाळेचा ग्रॅज्युएशन रेट जवळजवळ अडीच टक्क्यांनी घसरतो. हा रेट नववीला आलेल्यांपैकी चार वर्षांत किती जणांनी डिप्लोमा घेतला यावर काढतात, त्यामुळे पाचवं वर्ष घेऊन पूर्ण करणारंही त्यात कमी धरलं जातं. देशभरात तो साधारण 87 टक्के आहे.

एशियन 1 टक्का म्हणजे 160 मध्ये दीड-दोन मुलं. बहुधा एकाच घरातली. ती चिनी असतील, फिलिपिनो असतील किंवा आपली, सगळे एकाच रकान्यात मोजतात. तुमची मुलगी दाखल झाली की हाच आकडा 2 च्या जवळ जाईल.

गरिबीचा आकडा बहुतेक दुपारच्या जेवणावरून येतो. घरची मिळकत सरकारी दारिद्र्यरेषेच्या 185 टक्क्यांपर्यंत असेल तर मुलाला सवलतीत जेवण मिळतं, 130 टक्क्यांपर्यंत असेल तर मोफत. काही ठिकाणी सगळ्या शाळेलाच मोफत जेवण लागू करतात, तिथे हा आकडा फुगलेला दिसू शकतो. आणि ही घरं वाईट नाहीत हो. वडील कारखान्यात, आई नर्सिंग होममध्ये, मुलं शाळा सुटल्यावर किराणा दुकानाच्या काउंटरवर. आपल्या मुलांना मात्र एच-4 व्हिसावर, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, अशी नोकरी करता येत नाही. हे लेकीला इथे यायच्या आधीच समजावून सांगा, नाहीतर मैत्रिणींच्या हातात स्वतःचे पैसे बघून ती खट्टू होईल.

एकटेपणा येतो, तो मी लपवणार नाही. माझा मुलगा पहिले दोन महिने डबा लायब्ररीत बसून खायचा. मग पीटीच्या सरांनी त्याला क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या धावण्याच्या, संघात घेतलं. बडोद्यात त्याने कधी कमाटीबागेलासुद्धा धावून फेरी मारली नव्हती! मोठ्या शाळेत चाचणी देऊनही संघात जागा मिळेलच असं नसतं. लहान शाळेला मुलंच कमी पडतात, म्हणून हवं त्याला घेतात. त्या संघातली दोन मुलं आजही दिवाळीला आमच्याकडे जेवायला येतात.

लहान शाळेची खरी अडचण विषयांची आहे. अकरावीला त्याला फिजिक्स हवं होतं. नावं दिली पाचच मुलांनी, आणि तो वर्गच रद्द झाला. आम्हाला कळलं ते शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात. मी त्या रात्री खूप रडले होते. शेवटी कॉलेज क्रेडिट प्लस या, हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे विषय घेऊ देणाऱ्या सरकारी योजनेतून तो जवळच्या कम्युनिटी कॉलेजात फिजिक्स शिकला. सरकारी कॉलेजात या योजनेखाली फी लागत नाही, पुस्तकंही मिळतात. पण तिथले गुण कॉलेजच्या कायमच्या नोंदीत राहतात, त्यामुळे घाईने तीन-तीन विषय घ्यायला लावू नका. म्हणून सुरुवातीला म्हटलं ते हे: शाळेच्या काउन्सेलरना (मुलांचे विषय आणि वर्ग ठरवून देतात त्यांना) ईमेल करून विचारा की गेल्या दोन वर्षांत कॅल्क्युलस, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे वर्ग खरोखर भरले का, आणि नसतील तर कॉलेज क्रेडिट प्लसला मुलं कुठे जातात, कशी जातात, व्हिसावर असलेल्या मुलीला त्यात काही अट आहे का. माहितीपत्रकातली विषयांची यादी धरून चालू नका. याची उत्तरं गोलमोल आली, तरच कोलंबसचा विचार करा.

दुसरी जागा जिथे डोळ्यांत तेल घालून बसायचं ती गणिताची. इथे अल्जेब्रा वन, जिऑमेट्री (भूमिती), अल्जेब्रा टू असं एकेक वर्ष एकेक विषय चालतो. आमच्या काउन्सेलर बाईंनी मुलाची बडोद्याची गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली. त्यावर नुसतं ‘मॅथेमॅटिक्स’. त्यांनी त्याला अल्जेब्रा वनला बसवलं. तसंच राहिलं असतं तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस आलंच नसतं. दुसऱ्या दिवशी मी नववीचं एनसीईआरटीचं पुस्तक घेऊन गेले आणि त्यांच्या टेबलावर त्रिकोणांचं प्रकरण आणि हेरॉनचं सूत्र उघडून ठेवलं. त्यांनी लगेच परीक्षा घेतली आणि अल्जेब्रा टूला बसवलं. पुस्तक बॅगेत वरच ठेवा.

दाखल्याच्या वेळी घरात कोणती भाषा बोलता असा फॉर्म देतील. खुशाल मराठी लिहा. मग इंग्रजीची एक चाचणी घेतात, ती पास झाली की विषय संपला. भीतीपोटी ‘इंग्रजी’ लिहिणारे मी पाहिलेत. उद्या लेकीला खरोखर मदत लागली तर त्यामुळे ती मिळायला उशीर होतो.

शाळेला फी नाही. प्रवेश पत्त्यावर मिळतो, म्हणून भाडेकरार आणि वीजबिल लागेल. लसीकरणाच्या नोंदी मूळ आणा, आणि बीसीजी घेतल्याचंही लिहून आणा. त्वचेवरची टीबीची चाचणी बीसीजीमुळे पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा रक्ताची चाचणी मागा. कारेलीबागेच्या शाळेतून नववीची गुणपत्रिका आणि विषयवार अभ्यासक्रम सही-शिक्क्यासह दोन-दोन प्रतींत घ्या. हे उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच उरका. एकदा ऑफिस बंद झालं की इथून फोन करून काही हाती लागत नाही.