पहिला अल्बम काढायला स्वतंत्र गायकाला इतकी वर्षे का लागतात?

आपण विचारले आहे की, लोकसंगीत आणि रॉक यांचा मेळ घालून स्वतःची गाणी गाणारी आपली एक आवडती गायिका कित्येक वर्षे कार्यक्रम करते आहे, ‘अल्बम येतो आहे’ असे दर कार्यक्रमात सांगते आहे, आणि आता कुठे त्याची तारीख जाहीर झाली आहे. तर मधल्या काळात घोडे नेमके कुठे अडते, अल्बम निघाल्यावर चाहत्याने ऐकण्यापलीकडे काही करावे का, आणि दुसऱ्या अल्बमसाठीही एवढीच वाट पाहावी लागेल का. मी इंदूरला राहते, मराठी आणि माळवी लोकधुनांच्या अंगाने जाणारी गाणी लिहिते व गिटारवर गाते. माझाही पहिला अल्बम बराच रखडून आता प्रकाशित होतो आहे, म्हणून हे उत्तर स्वानुभवावरून देत आहे.

बहुतेक जण पहिले कारण पैशाचे सांगतात आणि ते खोटे नाही. स्टुडिओचे भाडे शिफ्टप्रमाणे लागते, वादकांची बिदागी वेगळी, मिक्सिंग (वेगवेगळे घेतलेले आवाज एकत्र जुळवणे) आणि मास्टरिंग (त्यावर शेवटचा हात फिरवणे) यांचे मानधन वेगळे, आणि ज्याच्या पाठीशी रेकॉर्ड कंपनी नाही त्याला हे सगळे शिकवण्या, जिंगल आणि लग्नसमारंभांतले कार्यक्रम यांतून उभे करावे लागते. एका गाण्यापुरते पैसे जमले की एक गाणे, अशा बेताने काम चालते. परंतु पैसा हे अर्धेच कारण आहे. पूर्वी अडवणूक कंपन्यांच्या दारात होत असे. लोकसंगीताच्या अंगाने रॉक गाणाऱ्यांपैकी रब्बी शेरगिल यांचा पहिला अल्बम २००४ साली आणि रघू दीक्षित यांचा २००८ साली निघाला, तोही दोघांनी अनेक वर्षे गाऊन झाल्यावर. आज वितरण करणाऱ्या संकेतस्थळाला माफक शुल्क भरले की कोणाचेही गाणे जगभर ऐकायला मिळते. तरीही पहिले अल्बम रखडतातच. माझ्या मते याचे खरे कारण असे की, मंचावर जे गाणे पूर्ण वाटते ते ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने अर्धेच तयार असते, आणि उरलेले अर्धे कसे असावे हे ठरवून ‘आता पुरे’ असे अधिकाराने सांगणारा माणूस स्वतंत्र कलावंताजवळ नसतो.

लोक-रॉकमध्ये हे अर्धेपण विशेष जाणवते. आपली पुष्कळ लोकगीते सहा मात्रांच्या दादऱ्यात असतात. दादऱ्यात पहिल्या मात्रेवर सम येते, म्हणजे आवर्तनाचा मुख्य ठोका, आणि चौथीवर खाली, म्हणजे मुद्दाम हलकी ठेवलेली मात्रा. तेथे ढोलकवाला डाव्या हाताचा घुमारा काढून घेतो आणि त्या मोकळ्या जागेमुळेच गाणे झुलते. ड्रमसेट वाजवणाऱ्याला मात्र सहाच्या ठेक्यात नेमक्या चौथ्या मात्रेवर स्नेअरचा, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा, सणसणीत फटका मारण्याची सवय असते, कारण रॉकचा जोर तिथेच असतो. म्हणजे एक वादक जिथे हात उचलतो, तिथेच दुसरा हात आपटतो. कार्यक्रमात टाळ्यांच्या आणि स्पीकरच्या गोंगाटात हे खपून जाते. हेडफोन लावून ऐकले की दर आवर्तनाला ठेच लागते. माझ्या अल्बममध्ये झोपाळ्यावरचे एक गाणे आहे, त्यात हा तंटा मिटेचना. शेवटी ड्रमरने काडी स्नेअरच्या कड्यावर आडवी ठेवून नुसता लाकडी ‘टक’ एवढाच आवाज ठेवला, ढोलकची सम मोठी केली, आणि गाणे पुन्हा झुलू लागले. आठ मात्रांच्या केरव्यात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे खाली पाचव्या मात्रेवर असते, स्नेअर तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर पडते, आणि दोघेही सुखाने नांदतात. लोक-रॉक म्हणून जे सर्रास कानावर येते त्यातले बहुतेक केरव्यातच का असते, याचे उत्तर मला तरी इथेच सापडले.

दुसरी अडचण लयीची. माळव्यात तंबूरा, करताल, मंजिरी आणि ढोलक यांच्या साथीने कबीराची भजने गातात. २०११ साली पद्मश्री मिळालेले प्रह्लादसिंह टिपानिया यांच्यामुळे हे गायन माळव्याबाहेरही पोहोचले. गावोगावच्या भजनी मंडळींचे गाणे समोर बसून ऐकले तर लक्षात येते की, भजन रंगत जाते तशी लयही नकळत चढत जाते. स्टुडिओत मात्र ‘क्लिक’ असतो, म्हणजे कानात सतत वाजणारा ठरावीक लयीचा टोला, कारण वेगवेगळ्या दिवशी वाजवणारे वादक एकमेकांशी जुळावे लागतात. क्लिकवर गायलेले भजन सुतासारखे सरळ येते आणि त्यातला जीव जातो. क्लिक काढून टाकला तर पंधरवड्याने येणाऱ्या बास गिटारवाल्याला धरायला काही राहत नाही. आम्ही असे केले की, आधी मी आणि ढोलकवाले काका यांनी क्लिकशिवाय एकत्र बसून गाणे घेतले, मग रेकॉर्डिस्टने त्या टेकवरून आवर्तनागणिक लय मोजून चढत जाणारा क्लिक तयार केला, आणि बाकीच्यांनी त्यावर वाजवले. यात नवलाई काही नाही, पण शिफ्टचे मीटर चालू असताना एवढा वेळ देणारा रेकॉर्डिस्ट मिळणे हीच खरी गोष्ट आहे. पट्टीचे, म्हणजे गाण्याच्या मूळ सुराचे, त्या मानाने सोपे असते. माझी पट्टी काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी) आहे, आणि गिटारच्या पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून ‘जी’ कॉर्डच्या बोटांनी वाजवले की काम भागते.

यात इंदूरचीही भर आहे. कुमार गंधर्व १९४८ साली प्रकृतीच्या कारणाने शेजारच्या देवासला आले आणि पुढे माळव्याच्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग घडवले. भावगीतांसाठी ओळखले जाणारे अरुण दाते मूळचे इंदूरचे. त्यामुळे इथल्या मराठी श्रोत्याचे कान तयार आहेत आणि आवडीनिवडीही पक्क्या आहेत. त्याला लोकधून चालते, कविता तर हवीच असते. इलेक्ट्रिक गिटार सुरू झाली की मात्र तो खुर्चीत सावरून बसतो. दिवाळीच्या एका कार्यक्रमानंतर एक आजोबा मंचापाशी येऊन मला म्हणाले, “गाणं फार छान आहे हो, पण मागे ते करवतीसारखं काय वाजत होतं?” इथल्याच विजयनगर भागातल्या कॅफेत हेच गाणे गायले तर मुले म्हणतात, ती करवतच तेवढी ठेवा आणि एखादे हिंदी गाणेही होऊन जाऊ द्या. मंचावर समोर जो श्रोता असेल त्याप्रमाणे गिटारचा आवाज कमी-जास्त करता येतो. अल्बममध्ये तो एकदाच आणि सगळ्यांसाठी ठरवावा लागतो. हा निर्णय पुढे ढकलण्यात किती ऋतू जातात याची कल्पना बाहेरच्याला येत नाही.

हक्कांच्या बाबतीतही वेळ जातो, आणि तो जावा असेच मी म्हणेन. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्दांवरील आणि चालीवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे. कबीराची पदे सर्वांना मोकळी आहेत, परंतु आज हयात असलेल्या गायकाने बांधलेली चाल मोकळी नाही, आणि ‘लोकसंगीत’ म्हणून ती बिनदिक्कत उचलणे मला सरळ चोरी वाटते. म्हणून ज्या मंडळींकडून मी दोन चाली शिकले त्यांची नावे श्रेयनामावलीत देणे, त्यांची बिदागी ठरवणे, आणि वादकांशी दोन ओळींचा का होईना लेखी करार करणे, हे सगळे करून घेतले. मध्यंतरी एका कंपनीने खर्च उचलण्याची तयारी दाखवली होती. मसुद्यात मात्र ध्वनिमुद्रणाचे सगळे हक्क कायमचे त्यांच्याकडे होते. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांच्या रॉयल्टीला बरेच संरक्षण दिले आहे, पण ध्वनिमुद्रणाचा मालक कायद्याने त्याचा निर्माता असतो, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. मला तो मी स्वतः असायला हवा होता. नकार दिला, आणि काम आणखी लांबले.

आता चाहत्याने काय करावे, याविषयी. स्पॉटिफायवर गाणे किमान ३० सेकंद वाजले तरच ते ऐकले असे धरले जाते, आणि २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. छोट्या कलावंताच्या अल्बममध्ये दोन गाणी चालतात आणि बाकीची या उंबरठ्याच्या अलीकडेच राहतात. तेव्हा आपण आवडते एकच गाणे पुन्हा पुन्हा लावण्यापेक्षा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला तर त्याचा उपयोग अधिक. शिवाय गाण्यांचा क्रमही कलावंताने विचार करून लावलेला असतो. लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूला साधारण २०-२२ मिनिटे मावत, म्हणून जुने अल्बम दोन अंकी नाटकासारखे बांधलेले असत. आता ती मर्यादा नाही, तरी मी माझा अल्बम चाळीस मिनिटांच्या आतच ठेवला, कारण त्यापुढे मीच ऐकत नाही.

शक्य असेल तर अल्बम विकत घ्यावा. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी डिजिटल विक्रीतून संकेतस्थळ सर्वसाधारणपणे १५ टक्के घेते आणि उरलेले, पैसे वळते करण्याचे शुल्क वजा जाता, कलावंताकडे जाते. कार्यक्रमात टेबलावर मांडलेली सीडी घेतली तर मध्ये कोणीच नसते. प्रकाशनाच्या कार्यक्रमाचे तिकीट घ्यावे, फुकट पास मागू नये. हे मी आपल्याला नाही, आमच्या नातेवाइकांना उद्देशून लिहीत आहे. आणि एक विनंती. ज्या गाण्याची मंचावरची चाल आपल्या कानात बसली आहे ते अल्बममध्ये वेगळे वाटले, तर लगेच ‘पूर्वीचेच बरे होते’ असे आपल्या गायिकेला कळवू नये. त्या बदलावर तिने बहुधा आपल्याहून अधिक डोके खपवलेले असते. दोन-तीनदा ऐकूनही खटकले तर जरूर सांगावे.

दुसऱ्या अल्बमला एवढी वर्षे लागू नयेत. कोणत्या ढोलकवाल्याशी जमते, कोणता रेकॉर्डिस्ट घाई करत नाही, करारात काय लिहायचे, गाण्यांची नोंदणी कुठे करायची, हे एकदाच शोधावे लागते. फक्त पहिल्या अल्बमची गाणी वर्षानुवर्षे श्रोत्यांसमोर घासून निघालेली असतात आणि दुसऱ्याची तशी नसतात, त्यामुळे त्यांतली काही कच्ची निघतील, याची तयारी आपणही ठेवावी. माझी पाच-सहा गाणी लिहून झाली आहेत. येत्या पावसाळ्यात ती घरगुती बैठकांमध्ये गाऊन पाहणार आहे.