इंग्लंडमधलं मध्ययुगीन खेड्यातलं एकच चर्च बघायचं तर कुठलं?

मोठी कॅथीड्रल्स नकोत, खेड्यातलं एखादंच जुनं चर्च निवांत बघायचंय, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर किलपेक. हेरिफर्डच्या नैर्ऋत्येला, वेल्सच्या सीमेजवळ. ११४०च्या सुमारास बांधलेलं, लालसर वालुकाश्माचं.

लगेच आत शिरू नका. दक्षिणेच्या दारापाशी थांबा, अर्धा तास तरी. डाव्या खांबावर एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात अशी सापांची माळ आहे, त्यालगत वेलींत गुंतलेले दोन योद्धे, ढगळ विजारी घातलेले. उजव्या खांबाच्या माथ्यावर एक चेहरा आहे, त्याच्या तोंडातून वेली बाहेर पडतात. दारावरच्या अर्धवर्तुळात जीवनवृक्ष. मग चर्चला बाहेरून प्रदक्षिणा घाला. छपराखाली ओळीने कोरीव दगडी ब्रॅकेट आहेत, आजही ८५ शिल्लक. त्यातले कुत्रा आणि ससा चुकवू नका. शेजारी शेजारी, मोठ्या डोळ्यांचे, कुत्र्याचे कान लोंबते. याच रांगेत दोन्ही हातांनी योनी उघडून दाखवणारी एक बाईही आहे. ती देवाच्या घरावर का, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

आतली रचना साधी: लोकांची बसायची जागा, पुढे वेदीकडची खोली, टोकाला अर्धगोल भाग. मधल्या कमानीच्या बाजूंना संत एकावर एक उभे आहेत, असे संत स्पेनमधल्या सांतियागोच्या कॅथीड्रलवरही दिसतात. हेरिफर्डच्याच परगण्यातल्या शॉब्डन गावचं, याच शैलीतलं चर्च ज्याने बांधवलं, तो ऑलिव्हर द मर्लिमंड सांतियागोची यात्रा करून आला होता.

खेड्यातल्या कितीतरी चर्चेसना पुढच्या शतकांत पैसा मिळाला आणि खिडक्या, मनोरे, भिंती बदलत गेल्या. किलपेकचं गाव मात्र आटलं. जुन्या वस्तीचे उंचवटे शेजारच्या कुरणात दिसतात, पश्चिमेला किल्ल्याची टेकडी आहे. गाव श्रीमंत झालं असतं तर हे दार राहिलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

गाडी असेल तर आधी शॉब्डनला जा. तिथलं चर्च अठराव्या शतकात पाडलं आणि त्याच्या कमानी उघड्यावर नेऊन उभ्या केल्या. पावसापाण्याने त्यांवरची शिल्पं आता नीट ओळखू येत नाहीत. ते बघून मग किलपेकच्या योद्ध्यांच्या विजारींच्या चुण्या बघा.