‘सी शँटी’, कोळीगीत आणि भलरी

‘सी शँटी’ला, म्हणजे जहाजावर काम करताना खलाशी म्हणत त्या इंग्रजी गाण्याला, ‘कोळीगीत’ म्हणता येईल का, आणि पंक किंवा हेवी मेटल या रॉक संगीताच्या प्रकारांत मिसळलेल्या शँटीला मराठीत काय म्हणावे, असे एका वाचकाने विचारले आहे.

‘कोळीगीत’ मला पटत नाही. ते नाव गाणे कोणत्या समाजाचे आहे हे सांगते. शँटी मात्र कामावरून ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकातील व्यापारी जहाजांवर शीड चढवताना, नांगराचा रहाट फिरवताना किंवा तळातले पाणी पंपाने उपसताना सर्वांचा जोर एकाच क्षणी लागावा म्हणून ती म्हटली जाई. ‘शँटीमन’ ओळ टाकी, बाकीचे खलाशी पालुपद उचलत आणि त्यातल्या ठरावीक शब्दांवर दोर ओढत. हे वाचून शेतात काम करताना सर्वांनी मिळून म्हणायची भलरी आठवते, आणि म्हणूनच ‘खलाशांची भलरी’ हा पर्याय मला सर्वांत जवळचा वाटतो. ‘नाविकांचे श्रमगीत’ही चूक नाही, पण त्यात दोराचा हिसका जाणवत नाही. या कसोटीवर २०२१ मध्ये जगभर गाजलेले ‘वेलरमन’ हे न्यूझीलंडमधील देवमाशांच्या शिकारीचे गाणे काटेकोर अर्थाने शँटी ठरत नाही, कारण त्यात गोष्ट सांगितलेली आहे, कामाची लय बांधलेली नाही.

मिश्रणाचा प्रश्न वेगळा आहे. व्हँकुव्हरचा ‘द ड्रेडनॉट्स’ हा बँड शँटीला पंकशी जोडतो तेव्हा दोर उरलेला नसतो. उरते ती झील. पंकमध्ये पालुपद सर्वांनी मिळून ओरडण्याची रीत आधीपासूनच आहे, आणि जिथे हिसका बसत असे तिथे आता ड्रमचा ठोका बसतो. श्रमच नाहीत तर ‘भलरी’ म्हणणे ओढूनताणून होईल, म्हणून येथे ‘शँटी-पंक’ आणि ‘शँटी-मेटल’ हेच शब्द ठेवावेत. स्कॉटलंडमधील पर्थच्या ‘एलस्टॉर्म’ या बँडचे ‘पायरेट मेटल’ मात्र यात सरसकट मोजू नये. ते नाव समुद्री चाचे या विषयावरून पडले आहे, गाण्याच्या घडणीवरून नव्हे. त्याला ‘चाचे-मेटल’ खुशाल म्हणावे.

काही इंग्रजी पुस्तकांतील जुन्या वर्णलेखनामुळे ‘चँटी’ असे वाचले जाते, पण उच्चार ‘श’चाच आहे. शब्द स्त्रीलिंगी मानावा आणि ‘पार्टी’चे ‘पार्ट्या’ होते तसे अनेकवचन ‘शँट्या’ करावे.