स्वस्त का आहे, ते आधी विचार

प्रिय बेटा,

मनीष नगरमधला जुना फ्लॅट, बेसा-पिपळा रस्त्यावरची नवी स्कीम, की वाठोड्याकडचं रो-हाउस? नागपुरात घर घ्यायला हे तीन पर्याय पाठवलेस आणि खाली लिहिलंस, "काकू, तुम्ही सांगाल तेच घेऊ." मी सांगणार नाही. हप्ता तू भरणार, आणि तोंडावर शिव्या मला बसतील. पण बँकेत घरकर्जाच्या फाइली चाळण्यात माझी उमर गेली, म्हणून एक सवय तेवढी तुझ्या हवाली करते. जागा स्वस्त दिसली की लगेच आनंद मानायचा नाही. ती स्वस्त का आहे ते हुडकायचं, आणि त्या कारणावर औषध आहे की नाही ते बघायचं.

लांब आहे म्हणून स्वस्त असेल तर फारसं भिऊ नकोस. मनीष नगरला पूर्वी कोणी जायला तयार नसे, कारण रेल्वेचं फाटक. फाटकात वीस मिनिटं उभं राहून माणूस घर घेणाऱ्यालाच नावं ठेवायचा. मग पूल झाला, वर्धा रोडवरून मेट्रो धावायला लागली, आणि आज तिथलेच भाव ऐकून तू मला पत्र लिहितेस. मिहानला, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागात, रोज कामाला जाणाऱ्या तुझ्यासारखीला खापरीपर्यंतची मेट्रोची ऑरेंज लाइन जवळ असणं म्हणजे पेट्रोलचा खर्च वाचणं. वाठोड्याहून मात्र रोज अख्खं शहर ओलांडावं लागेल. तो खर्च हप्त्यात मिळवून मग बेरीज कर. आणि दलाल "मिहानपासून दहा मिनिटं" म्हणाला तर सकाळी साडेनऊला त्यालाच गाडीवर मागे बसव आणि घड्याळ लाव.

कागद कच्चे म्हणून स्वस्त, हा प्रकार नागपुरात फार. मी स्वतः त्यात पोळले आहे. १९९४ साली मानेवाड्याकडे एका गृहनिर्माण संस्थेकडून आम्ही प्लॉट घेतला. शेतजमिनीवर चुन्याच्या रेघा मारलेल्या, ना एनए (बिगरशेती परवानगी), ना टीपी (नगररचनेची मंजुरी). माझ्याच बँकेने मला कर्ज नाकारलं, आणि नाकारणारा साहेब शेजारच्या टेबलावर बसायचा! मंजुरी नसलेल्या ५७२ आणि १९०० लेआउटचे आकडे तू ऐकले असशील. त्या भानगडीतले आम्ही. २००१ मध्ये असे प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा आला, मग त्याची फी म्हणजे डिमांड भरली, नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, हातात पडलं आणि घराला पाया लागला. म्हणजे औषध मिळालं, पण तोवर आम्ही भाड्याच्या घरात म्हातारे व्हायला लागलो होतो. आमच्या मागच्या ओळीतले प्लॉट विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी आरक्षित निघाले. त्या लोकांचा आरएलसाठी चाललेला झगडा मी अजून बघते.

म्हणून वाठोड्याच्या घराचा मौजा (महसुली गाव) आणि खसरा नंबर (जमिनीचा क्रमांक) आधी माग. आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा, आरएल, मंजूर नकाशा, जुन्या सगळ्या रजिस्ट्र्या. "आरएल प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत ये. बेशाच्या स्कीमचा महारेरा नंबर, म्हणजे गृहप्रकल्पाची सरकारी नोंदणी, महारेराच्या साइटवर स्वतः टाकून बघ, माहितीपत्रकावर छापलेल्या नंबरावर जाऊ नकोस.

पाण्याचं दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. बेसा महापालिकेच्या हद्दीबाहेर. तिथे नळ येतो का, किती वेळ येतो, की बोअर आणि टँकरवर चाललं आहे, हे बिल्डरला विचारू नकोस. समोरच्या पूर्ण झालेल्या इमारतीतल्या चौकीदाराला विचार, तेही मे महिन्याचं. ४५ डिग्रीत नागपूरचं घर कूलरवर जगतं आणि कूलर पाण्यावर. शेवटच्या मजल्याचा पश्चिमेकडचा फ्लॅट बिल्डर थोडा स्वस्तात देतो, ती सवलत तू दर उन्हाळ्यात वीजबिलात परत करशील.

जास्तीच्या पाण्यावर मात्र औषध नाही. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठव. अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत नाग नदी लोकांच्या बैठकीत शिरली. त्या काही स्वस्त वस्त्या नव्हेत. नाग, पिवळी, पोहरा, नाही तर त्यांना मिळणारा एखादा बिननावाचा नाला, यांच्या काठी सखल जागा असेल तर कोणत्याही भावात महाग. भर पावसात जा, रेनकोट घाल आणि गल्लीत पाणी कुठून कुठे वाहतं ते बघ. जुन्या भिंतींवर ओलीची रेघ किती उंचीवर आहे तीही बघ. रंग नुकताच दिला असेल तर शेजाऱ्याची भिंत बघ.

वाठोड्याला भांडेवाडीचा कचरा डेपो जवळ. वारा फिरला की कळतं. संध्याकाळी तासभर त्या घरासमोर उभी राहा. आणि काळ्या मातीवरचं बांधकाम आहे का ते बघ, कंपाउंडच्या भिंतीला तिरप्या भेगा असतील तर पायाबद्दल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

पैशांचं थोडक्यात. ३० लाखांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण २६,००० येतो. कर्ज ३० लाखांच्या वर गेलं की बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते. म्हणजे ४० लाखांच्या घराला ८ लाख तुझे, आणि स्टँप ड्युटी, नोंदणी त्याच्या वर, तीही खिशातून. नोंदणी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,०००. रजिस्ट्री तुझ्या एकटीच्या नावावर केलीस तर स्टँप ड्युटीत एक टक्का सूट आहे. दादाचं नाव घालायचं का, हा तुमचा घरगुती मामला, मी बोलत नाही. बेशाचं बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी लागेल: किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ९० चौरस मीटरच्या आत असेल तर एक टक्का, नाही तर पाच. मनीष नगरच्या जुन्या फ्लॅटला तो नाही. पण तिथे इमारतीची लिफ्ट आणि सोसायटीची थकबाकी बघ.

बयाणा कोणालाही देऊ नकोस अजून. कितीही "दुसरी पार्टी तयार आहे" म्हणाले तरी. तिन्हींच्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन रविवारी घरी ये. चष्मा बदललाय, बारीक अक्षर दिसतं आता. येताना बर्डीवरून संत्री आण, आमच्या चौकातला फळवाला आंबट देतो.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू